तिसरं ताट

खापरेकाकूंच्या घरची स्क्रीनची भिंत रोज जेवणाच्या वेळी बंद पडायची. घरात कोण कुठे बसलंय ते दाखवणारा तिच्यातला ब्राउझर तिसरं ताट मांडलं की कोसळायचा. दुरुस्तीला आलेल्या मीनलला चूक लगेच सापडली. ब्राउझर प्रत्येक ताटावरून त्याच्या माणसाची नोंद शोधायचा, आणि काकूंच्या मुलाची, निनादची नोंद तर तो अपघातात गेल्यावर पुसली गेली होती. काकू मात्र ताट मांडतच होत्या.

मीनलने कोडमध्ये एक ओळ घातली: माणूस नसेल तर ताट सोडून पुढे जा.

भिंत उजळली. काकाकाकूंची ताटं दिसली, निनादचं दिसेना.

"झालं काकू. आता अडणार नाही."

"इतके दिवस ही भिंत एकटीच माझ्यासारखी त्याच्यापाशी अडून राहायची गं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी निनादच्या ताटात भात वाढला.