कळपात नवीन कोणी

कर्वेनगरचा फ्लॅट आम्रपालीला पसंत पडला होता, आणि घरमालक दत्तप्रसादकाकांनी किल्लीही टेबलावर काढून ठेवली होती. तेवढ्यात ती भटक्या कुत्र्यांच्या वागण्यावर पीएचडी करते हे त्यांना कळलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"एवढं शिकून कुत्र्यांच्या मागे? त्यात शोधायचंय तरी काय?"

"गल्लीत नवं कुत्रं आलं की बाकीची त्याला घेरतात, पुढून-मागून हुंगतात आणि मगच ठरवतात, आपल्यात घ्यायचं की हाकलायचं. लांडग्यांपासूनची सवय आहे, काका. तेव्हा कळप जगवायला कामी आली, अजून सुटलेली नाही."

"सुटेल कशी? जनावरंच ती!" काका फिस्सकन हसले. "बरं, एजंटने नुसतं आम्रपाली एवढंच सांगितलंय. आडनाव?"

"गायकवाड."

"गायकवाड म्हणजे... कुठले?"

"नांदेडचे."

"गाव नाही हो विचारत. म्हणजे घरात देवबिव कोणते असतात तुमच्या?"

बोलता बोलता काकांनी टेबलावरची किल्ली उचलून मुठीत धरली. आम्रपालीला हा सूर चांगलाच ओळखीचा होता. याआधीचे फ्लॅटही नेमके इथपर्यंत येऊनच हातचे गेले होते. त्या वेळी ती मुकाट उठून आली होती. आज ती खुर्चीतून हलली नाही.

 

"हुंगून झालं का, काका? मग सांगून टाका, घेताय की हाकलताय?"