पिंजऱ्यातली बशी

पिंजऱ्यात सुकट होती आणि गालावरची जखम चिघळलेली मांजरी बाहेर बसून शांतपणे मिशा चाटत होती. पिंजऱ्यात शिरावी म्हणून कालपासून तिला कुणी काही घालू नका, असं मी सोसायटीत सगळ्यांना बजावलं होतं. उपाशी मांजर मिशा चाटत नाही.

कुणीतरी तिला चोरून खायला घालत होतं, आणि त्यात विष. म्हणजे, मला तसंच वाटलं, कारण जिन्याखालून पेडणेकर काका आले. मीटिंगमध्ये "मांजरांचा बंदोबस्त करा" म्हणणारे. त्यांचा एक हात पाठीमागे होता.

"काका, हातात काय आहे?"

"तुला काय करायचंय?"

"दाखवा."

त्यांनी पुढे केलेल्या बशीत काटे काढून कुस्करलेला बांगडा होता. मी त्याचा वास घेतला.

"विष शोधतेस होय? रोज दोनदा घालतो मी. उपाशी बघवत नाही. वर सुनेला सांगू नकोस."

"मग ही बशी तुम्हीच पिंजऱ्यात ठेवा. आज डॉक्टरकडे गेली नाही तर वाचणार नाही ती."

 काकांनी वाकून बशी आत सरकवली. "ये गं, मने."

माझ्या सावलीलाही उभी न राहणारी मांजरी त्यांच्या पायाला अंग घासून आत शिरली. खटका पडला आणि पिंजऱ्याचं दार बंद झालं.

ती माझ्यावर फिसकारली. मग काकांकडे नुसती बघत राहिली.

"आता माझ्या हातचं खायची नाही ती," ते म्हणाले. झाकलं की मांजर शांत होतं, हे मी सांगायच्या आत त्यांनी खांद्यावरचा पंचा पिंजऱ्यावर पसरला, तिच्या तोंडाच्या बाजूने आधी.