मान्य करण्यापूर्वी

"नुसतं हो म्हणा गुरुजी, बटण मी दाबते," मिनाज म्हणाली.

रामकिसन गुरुजी हो म्हणाले नाहीत. "काय लिहिलंय ते वाच आधी."

"अठ्ठावीस पानं हैत. इंग्रजीत."

"असू देत. मराठीत सांग."

मिनाजला वैताग आला. सकाळपासूनचं हे चौथं घर. दोन वर्षांपूर्वी तिनं ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम केला होता, मराठी पुस्तकं, वर्तमानपत्रं वाचून दाखवणारा. फुकट, आणि कोडही खुला. ज्याला पाहिजे त्यानं न्यावा, सुधारावा. फक्त आतलं आवाजाचं इंजिन, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारा भाग, एका कंपनीचं होतं. तेही फुकटच, म्हणून तिनं ते आतच बसवलं आणि पेनड्राइव्हवर घरोघरी दिलं. मुरुमपासून सोनारीपर्यंत एकसष्ट घरं झाली. आणि परवा कंपनीचं पत्र आलं. खुल्या कोडच्या प्रोग्रॅममध्ये आमचं इंजिन घालून वाटता येणार नाही, दिलेलंही आठ दिवसांत काढा. ज्याला हवं त्यानं ते नेटवरून आमच्याकडून घ्यावं आणि अटी वाचून मान्य कराव्यात.

आंधळ्या माणसानं अटी वाचायच्या म्हणे. मिनाजचं डोकंच फिरलं होतं, तरी ती घरोघरी जाऊन ते उतरवून देत होती. आणि अकरा घरं तर अशी, की तिथं रेंजच नाही. तिथला आवाज बंद म्हणजे बंदच. त्यातलं एक महेश्वरीचं. पोरगी त्या आवाजावर बारावीचा अभ्यास करत होती, परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली.

आधीच्या तिन्ही घरांत लोक "दाब बाई, सुटू दे" म्हणून मोकळे झाले होते. गुरुजींचं तसं नव्हतं. डोळे जायच्या आधी चाळीस वर्षं गावात कुणाचंही खरेदीखत असो की वाटणीपत्र, अंगठा उठवायच्या आधी ते गुरुजींकडून वाचून घ्यायचं, अशी रीतच होती.

मिनाज वाचत गेली. घसा सुकला. गुरुजींच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, आणून ठेवलेला चहा गार झाला. गुरुजी मधेच "हे परत वाच" म्हणायचे आणि ती मनात चरफडत परत वाचायची. ह्यांना वेळ लई, आपल्याला सत्तावन्न घरं राहिलीत, असं तिला वाटत होतं.

बाविसाव्या पानावर ती थांबली.

"काय झालं?"

"खुल्या प्रोग्रॅममध्ये इंजिन घालायला मनाई," तिनं सावकाश वाचलं. "मात्र प्रोग्रॅम अंधांसाठी असेल, तर वाटप सुरू करण्याआधी एक अर्ज करावा. परवानगी मिळेल. वाटप सुरू झाल्यावर अर्ज घेतला जाणार नाही."

"हे आत्ता घातलं का त्यांनी?" गुरुजींनी विचारलं.

मिनाजनं पानाच्या वरची तारीख बघितली. पुन्हा बघितली.

"न्हाय. चार वर्षांपूर्वीचं हाय."

"मग तू इंजिन घेतलंस तवा तुलाबी दाखवलं असंल की."

मिनाज रडायच्या बेतात आली होती.

"दाखवलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "मी वाचलंच न्हाय. मान्य म्हणून दाबलं."