मी यायलेय

"पोरी, एखांद्या दिवशी माझ्या दारात सडा दिसला न्हाई, तर तेवढी हाक मारत जा," अनसाबाई म्हणाल्या होत्या.

"तुम्हाला काय धाड भरलीय, मावशी? आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाताल तुम्ही," प्रतीक्षा म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

शनिवारी सकाळी शेजारचं अंगण कोरडं होतं. प्रतीक्षानं ते पाहिलं. तिला सगळंच दिसायचं: गॅसचं बटण, दाराची कडी, झोळीत निजलेल्या लेकीचं खालीवर होणारं पोट. गेल्या असतील मावशी कमठाण्याला त्यांच्या लेकीकडं, असं मनाशी म्हणत ती आत वळली. तिला घाई होती. नागराजचं इंधन संपत आलं होतं.

नागराज म्हणजे हैदराबादला तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक माणूस, मूळचा भालकीचा. तिनं त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. नवऱ्यानं, रविकुमारनं, घरच्या कॉम्प्युटरवर अंतराळाचा एक खेळ टाकून दिला होता. यानात बसायचं आणि निघायचं. जाल तिकडं नवे तारे, नवे ग्रह तयार होत जायचे. तुमच्याआधी तिथं कुणी पाऊल टाकलेलं नसायचं. चार महिने प्रतीक्षा त्यात एकटीच हिंडली. लेक निजली की जांभळ्या वाळूच्या एका ग्रहावर उतरायचं आणि गप बसायचं. पोरीचं वजन कामून वाढंना, असं तिथं कुणी विचारत नव्हतं.

"एकटीच काय भुतावानी फिरायलीस?" रविकुमार फोनवर चिडवायचा. "आमच्यात ये की. पाचजण हाव, एकमेकाला धरून राहतो."

म्हणून मागच्या आठवड्यात ती त्यांच्यात गेली होती. त्या सामाईक आकाशाचा एक कायदा होता. कुणाचं यान बंद पडलं आणि दुसरं कुणी इंधन घेऊन पोचलं नाही, तर त्या माणसानं शोधलेलं सगळं पुसलं जायचं. नागराजचे तीनशे ग्रह होते. बाकीचे चौघे आकाशाच्या दुसऱ्या टोकाला. त्यातल्या त्यात जवळ तीच, आणि तीही दोन दिवसांच्या वाटेवर.

तिनं हेडफोन कानाला लावले.

"वैनी, ऱ्हाऊ द्या," नागराज म्हणाला. "लेकरू रडत असंल तुमचं."

"निजलंय ते. भिऊ नका, मी यायलेय."

कान झाकलेले, म्हणून आवाज जरा मोठाच निघाला. तो तिचा तिलाच आवडला. कॉलेजात गॅदरिंगला सूत्रसंचालन करायची, तेव्हा असा निघायचा. त्या दुपारी ती तसं तीन-चारदा म्हणाली.

मध्ये एकदा भिंतीपलीकडून ठक ठक ऐकू आलं. अनसाबाई शेंगांचं कूट कुटायल्यात, तिला वाटलं. सकाळी ज्यांना तिनं कमठाण्याला पाठवलं होतं, त्यांनाच आता तिनं कूट कुटायला बसवलं. आणि हेडफोनचा आवाज वाढवला.

रविवारी तिनं शेजारच्या अंगणाकडं पाहिलं नाही.

दुपारी नागराजचं यान समोर दिसायला लागलं. काळ्या पडद्यावर मिणमिणता तांबडा दिवा. "दिसलात, दिसलात!" ती ओरडली, आणि लाइट गेली. पडदा विझला. पंखा फिरत फिरत थांबला. तिनं चिडून हेडफोन काढले.

ठक.

ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं आणखी एकदा आलं. ठक.

इतकं सावकाश कूट कुणी कुटत नाही.

लेकीला झोळीतून उचलून ती धावली. अनसाबाईंचं परसदार नुसतं लोटलेलं होतं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीशी, न्हाणीच्या तोंडाशी त्या आडव्या पडल्या होत्या. बादली उपडी झालेली, सांडलेलं पाणी केव्हाच वाळलेलं. हातात तांब्या होता. भिंतीचे पोपडे त्यांच्या केसांत पडले होते.

प्रतीक्षानं त्यांना घोट घोट पाणी पाजलं.

"मावशी, कवा पडलात?"

"काल. सड्याचं पानी घेताना पाय सरकला."

"काल?"

"हाक मारली की तुला. तू ओ बी दिलीस."

"मी?"

"व्हय की. भिऊ नका, मी यायलेय, म्हणलीस. चार डाव म्हणलीस." अनसाबाईंनी झोपमोड झालेल्या लेकीच्या पायाला हात लावला. "मग मी गप पडले. लेकरू हाय हाताशी, सवड झाली की यील म्हणलं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांचा मुलगा, शिवशंकरप्पा, त्यांना चिटगुप्प्याला आपल्या घरी घेऊन गेला. नागराजचे तीनशे ग्रह पुसले गेले; दुसऱ्या दिवशी त्यानं नवं यान घेतलं.

प्रतीक्षा होती म्हणून म्हातारी वाचली, असं त्यांच्या मैलूरमध्ये सगळे म्हणतात. अनसाबाई स्वतःही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात. प्रतीक्षा मान खाली घालून ऐकते. लोकांना तो लाजाळूपणा वाटतो. चिटगुप्प्याला जायला ती तीनदा बसस्टँडपर्यंत गेली आणि तीनदा माघारी आली.

म्हणून तुम्हीच कधी तिकडं जाणार असाल, तर बाजाराच्या मागं शिवशंकरप्पांचं घर विचारा. बारा ते चार सून कामावर असते, घरात दुसरं कुणी नसतं. दार लोटलेलंच असेल. बाहेरून हाक मारून थांबू नका, आत जा. पाणी हाताला येईल असं ठेवलंय का, तेवढं बघा. प्रतीक्षाचं नाव काढू नका. आणि निघताना, पुन्हा येईन म्हणून सांगू नका. त्या वाट बघत राहतात.