एक टिंब

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला चाळीस मिनिटं उरली असताना प्रतीक्षाला ते टिंब दिसलं.

टाकवे गावातल्या घरी रेंज टिकत नाही, म्हणून ती लोणावळ्याला आली होती. तिची आई हिरा तिथला एक बंगला सांभाळायची. मालकांची परवानगी काढून प्रतीक्षा तिथल्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. परीक्षक बाई परदेशातून बोलणार होत्या. आणि दोन वर्षं मागे लागूनही न मिळालेला हस्तलिखिताचा स्वच्छ फोटो ग्रंथालयाने नेमका आज सकाळी पाठवला होता.

बाराव्या शतकातल्या एका ज्यू वैद्याचं ते पत्र. भाषा अरबी, लिपी हिब्रू. या लिपीत 'क'वर टिंब दिलं की त्याचा 'ख' होतो; ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्याने भरायचे. जुन्या, डागाळलेल्या फोटोप्रतीत टिंब दिसत नव्हतं, म्हणून प्रतीक्षाने शब्द वाचला होता 'किब्र', म्हणजे गर्व. 'गुरूंच्या गर्वाने मी खचलो.' या एका वाक्यावर त्या वैद्याने गुरूविरुद्ध केलेल्या बंडाचं, प्रबंधातलं अख्खं तिसरं प्रकरण उभं होतं.

फोटोत टिंब होतं. शब्द होता 'खबर': गुरूंची बातमी ऐकून तो खचला होता. गुरू त्याच वर्षी वारले होते. बंड वगैरे काही झालंच नव्हतं. माणूस शोक करत होता.

तिने आईला सांगितलं. फरशी पुसता पुसता हिरा थांबली.

"आजून कुणी बघितलाय का त्यो फोटू?"

"नाही."

"मग गप ऱ्हा की. सात वर्सं घातलीस, पोरी. कालिजातली जागा जाईल हातची."

"आई, गुरूसाठी रडणाऱ्या माणसाला मी भांडखोर ठरवलंय."

हिराने तिच्याकडे बघितलं. मग बादली उचलून ती बाहेर गेली.

पडद्यावर परीक्षक बाई दिसल्या. पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत प्रतीक्षाने फोटो पडद्यावर आणला. तिने सगळं सांगितलं.

"माझं तिसरं प्रकरण चुकलंय," ती शेवटी म्हणाली.

बाई फोटोवर वाकल्या. प्रतीक्षाने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"माझा अहवाल महिन्यापूर्वीच विद्यापीठात गेलाय," बाई म्हणाल्या. "प्रबंध उत्तम आहे, पदवी द्यावी, असं मी लिहिलंय. अट एकच घातली: तिसरं प्रकरण काढावं."

प्रतीक्षाचे हात सुटले. तिला एकदम हसूच आलं.

बाईही हसल्या. "त्या माणसाने पुढे तीस वर्षं गुरूचाच ग्रंथ शिकवला. त्याचं बंड मला कधी पटलं नाही. पण का पटत नाही, ते मला लिहिता येईना. ते आज तुम्ही सांगितलंत."