उतरवलेलं दार

लॉकडाऊनमुळे बाहेर पडायला बंदी होती आणि घरात मुलगा-सुनेचं रोज वाजत होतं. भांडण झालं की सून खोलीत जाऊन कडी लावायची, दिवसभर उघडायची नाही. समजूत घालणारी माझी बायको हिवाळ्यात वारली. मी पडलो सुतार, मला दारच उतरवता येतं. मुलगा अंघोळीला गेला, सून ओट्यापाशी होती, तेवढ्यात मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार भिंतीला टेकवलं. “आता बसा समोरासमोर,” खोलीत आलेल्या सुनेला म्हणालो. ती पांढरीफटक पडली. “बाबा, तो हात उगारायचा तेव्हा आई मध्ये पडायच्या. त्या गेल्यावर मला ही कडीच होती हो.” बायको माझ्याजवळ यातलं अक्षरही बोलली नव्हती. मुलगा डोकं पुसत आला. “दार काढलंत? बरं केलंत, बाबा. फार माजली होती.” टॉवेल टाकून तो आत निघाला. मी चौकटीतून हललो नाही.