सुनेचं सोवळं

“वन्सं, उंबऱ्याबाहेरच थांबा!” द्वारकाबाई कडाडल्या. वन्संच्या हातात ओटीचं ताट होतं आणि घशात खोकला.

“वहिनी, सुनेची ओटी भरायला आलेय, भांडायला नव्हे!”

“तिला ल्युपस आहे. औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलीय. साधी सर्दीही जिवावर बेतेल. आता या घरात तिचं सोवळं.”

“सासूनं सुनेचं सोवळं पाळायचं? नवलच!” ताट उंबऱ्यापाशी ठेवून वन्सं फणकाऱ्यानं निघाल्या.

विजयी मुद्रेनं द्वारकाबाई वळल्या, तोच त्यांना शिंक आली. घसा पहाटेपासूनच खवखवत होता. गार पाण्याच्या स्नानाला दोष देऊन त्यांनी दुर्लक्ष केलं होतं.

“आई, बरं वाटत नाही का?” सून लगबगीनं जवळ आली.

“लांब हो!” त्यांचा आवाज प्रथमच कापला. नैवेद्याचा पहिला घास त्यांनी सकाळीच तिला आपल्या हातानं भरवला होता.